सामाईक संगणकावर प्रत्येकाचे प्रोफाइल आणि सेटिंग कसे सांभाळावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोज ११ असलेला एक संगणक पाच जण आळीपाळीने वापरतात. सर्वांचे मिळून एकच खाते आहे आणि तेही अ‍ॅडमिन खाते आहे. एकाने कीबोर्डची मांडणी बदलली की दुसऱ्याचे टंकन बिघडते, डेस्कटॉपवर सर्वांच्या फाइलींची गर्दी झाली आहे, आणि ब्राउझर उघडला की एकाची मेल दुसऱ्यासमोर येते. प्रत्येकाला स्वतंत्र खाते दिले तर सगळे प्रोग्राम पाच वेळा टाकावे लागतील का, सर्वांना लागणाऱ्या फाइली कोठे ठेवाव्यात, नव्या खात्यात सुरुवातीपासून ठरावीक सेटिंग मिळतील असे करता येते का, आणि मध्यंतरी नव्याने तयार करून पाहिलेल्या एका खात्यात ‘आपण तात्पुरत्या प्रोफाइलने साइन-इन झाला आहात’ असा संदेश का येतो, असे प्रश्न त्यासोबत विचारले आहेत. शेजारी एक लिनक्स संगणकही आहे आणि तोही असाच वाटून वापरायचा आहे.

आधी सरळ उत्तर देतो. पाच माणसांसाठी पाच साधी, म्हणजे अ‍ॅडमिनचे हक्क नसलेली, खाती काढावीत आणि सहावे खाते केवळ अ‍ॅडमिनच्या कामासाठी ठेवावे, ज्यात कोणीही रोजचे काम करणार नाही. प्रोग्राम पाच वेळा टाकावे लागत नाहीत, मात्र ते टाकण्याची पद्धत योग्य असावी लागते. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे एका गोष्टीवर अवलंबून आहेत: एखादी सेटिंग नेमकी कोठे राहते, संगणकाच्या पातळीवर, खात्याच्या पातळीवर की प्रोग्रामच्या आत, हे माहीत असणे. गेली अनेक वर्षे सामाईक संगणक लावून देण्याचे आणि बिघडलेले दुरुस्त करण्याचे काम मी करत आहे. यातील बहुतेक तक्रारींचे मूळ सेटिंग चुकीच्या पातळीवर बदलण्यात असते, असा माझा अनुभव आहे.

खाते आणि प्रोफाइल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे. खाते म्हणजे ओळख. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, तर एसआयडी नावाच्या एका लांबलचक क्रमांकाने ओळखते. अंगभूत अ‍ॅडमिन खात्याच्या एसआयडीचा शेवट ५०० या आकड्याने होतो आणि आपण काढलेल्या खात्यांचे आकडे १००० पासून पुढे असतात. प्रोफाइल म्हणजे त्या ओळखीचे घर, म्हणजे सी ड्राइव्हवरील ‘युजर्स’ या फोल्डरमधला त्या माणसाचा उपफोल्डर. खाते तयार केले तरी हे घर लगेच उभे राहत नाही. त्या खात्यात पहिल्यांदा साइन-इन केल्यावरच ते तयार होते. त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स असे ओळखीचे फोल्डर असतात, ‘अ‍ॅपडेटा’ नावाचा लपवलेला फोल्डर असतो आणि ‘एनटीयूजर डॉट डॅट’ नावाची एक लपवलेली फाइल असते. ही फाइल म्हणजे रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठीचा, त्या माणसाच्या वाट्याचा भाग. साइन-इन होताच ती रजिस्ट्रीत ‘करंट युजर’ या शाखेखाली जोडली जाते आणि साइन-आउट करताना सोडवली जाते. वॉलपेपर, माउसचा वेग, कीबोर्डची मांडणी, डीफॉल्ट प्रिंटर आणि असंख्य प्रोग्रामच्या आवडीनिवडी त्या एका फाइलीत असतात.

या रचनेचे काही परिणाम लोकांना नेहमी चकवतात. खात्याचे नाव बदलले तरी प्रोफाइल फोल्डरचे नाव बदलत नाही, कारण ते पहिल्या साइन-इनच्या वेळी ठरलेले असते. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केल्यास तर ईमेल पत्त्याची पहिली पाच अक्षरे फोल्डरला लागतात आणि ती अर्धवट नावे पाहून माणसे अस्वस्थ होतात. तो फोल्डर हाताने बदलण्याच्या फंदात पडू नये, कारण शेकडो प्रोग्रामांनी जुना मार्ग आपापल्या नोंदींत लिहून ठेवलेला असतो. नाव खटकतच असेल तर आधी स्थानिक खाते हव्या त्या नावाने काढावे, एकदा साइन-इन करावे आणि नंतर वाटल्यास ते मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडावे. तसेच, खाते काढून टाकून त्याच नावाने पुन्हा तयार केले म्हणजे जुने खाते परत येत नाही. नव्या खात्याला नवा एसआयडी मिळतो, जुना फोल्डर शिल्लक असेल तर विंडोज नावापुढे संगणकाचे नाव जोडून दुसरा फोल्डर करते, आणि माणूस विचारत राहतो की माझ्या फाइली गेल्या कुठे. त्या जुन्या फोल्डरमध्येच असतात.

आता पातळ्यांकडे वळू. टाइम झोन, वीजबचतीची योजना, हार्डवेअरचे ड्रायव्हर आणि सर्वांसाठी बसवलेले प्रोग्राम हे संगणकाचे असतात. एकाने ‘कधीही झोपू नये’ अशी वीजबचतीची सेटिंग केली तर ती पाचही जणांना लागू होते. याउलट तारीख आणि अंकांची मांडणी, टंकनाची भाषा, डीफॉल्ट ब्राउझर आणि टास्कबार हे ज्याचे त्याचे असतात. काही गोष्टींचा अर्धा भाग इकडे आणि अर्धा तिकडे असतो, आणि घोटाळा नेमका तेथे होतो. आयपी पत्ता देऊन बसवलेला प्रिंटर सर्वांना दिसतो. दुसऱ्या संगणकाने शेअर केलेला प्रिंटर जोडला तर तो बहुधा ज्याने जोडला त्यालाच दिसतो. आणि त्यांपैकी डीफॉल्ट कोणता हे प्रत्येक खात्याचे वेगळे असते. पाथ (प्रोग्राम कोणत्या फोल्डरांत शोधायचे याची यादी) यासारख्या पर्यावरण चलांचेही, म्हणजे प्रोग्राम वाचतात त्या ठरावीक नावांच्या सेटिंगचेही, तसेच आहे. बाकीच्या चलांत खात्याची किंमत संगणकाच्या किमतीवर मात करते, पण पाथमध्ये ती संगणकाच्या यादीला शेपटीसारखी जोडली जाते. म्हणून संगणकाच्या यादीत एखाद्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती असेल तर आपल्या खात्यात नवी आवृत्ती नोंदवूनही जुनीच चालत राहते.

फॉन्टचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे, कारण देवनागरीत काम करणाऱ्यांना ते हमखास भेटते. २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून साध्या खात्यातूनही फॉन्ट बसवता येतो, अ‍ॅडमिनची परवानगी लागत नाही. सोय चांगली आहे, पण असा फॉन्ट विंडोजच्या सामाईक फॉन्ट फोल्डरमध्ये जात नाही; तो त्या माणसाच्या ‘अ‍ॅपडेटा’मध्ये जाऊन बसतो. मग एकाने मजकूर सुबक जुळवून सामाईक फोल्डरमध्ये ठेवावा आणि दुसऱ्याने त्याच संगणकावर, त्याच प्रोग्राममध्ये तो उघडावा, तर ओळी घसरलेल्या, पाने वाढलेली आणि अक्षरे निराळी. दोघेही फाइल बिघडली असे समजतात, पण फाइलीत काहीच बिघडलेले नसते. फॉन्टच्या फाइलीवर उजवे क्लिक करून ‘सर्व वापरकर्त्यांसाठी इन्स्टॉल करा’ हा पर्याय अ‍ॅडमिनच्या परवानगीने निवडला की दोघांनाही एकच मजकूर दिसू लागतो. विंडोज ११ मध्ये हा पर्याय उजव्या क्लिकच्या पहिल्या यादीत दिसला नाही तर ‘आणखी पर्याय दाखवा’ यावर जाऊन शोधावा.

प्रोग्रामांबाबत हेच तत्त्व आहे. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये बसलेला प्रोग्राम सर्वांचा, ‘अ‍ॅपडेटा’मध्ये बसलेला एकट्याचा. अनेक इन्स्टॉलर ‘फक्त माझ्यासाठी’ की ‘सर्वांसाठी’ असे विचारतात, आणि काही न विचारताच एकट्यासाठी बसतात. अशा प्रोग्रामांची ‘सिस्टिम’ किंवा ‘मशीन’ आवृत्ती निर्मात्याच्या पानावर बहुधा वेगळी मिळते, ती घ्यावी. येथे एक खाचखळगा आहे. साध्या खात्यातून इन्स्टॉलर चालवला आणि पडदा काळवंडून पासवर्ड विचारला जाताच अ‍ॅडमिनचा पासवर्ड दिला, की त्या क्षणापासून तो इन्स्टॉलर अ‍ॅडमिनच्या ओळखीने चालू लागतो. त्यात ‘फक्त माझ्यासाठी’ निवडले तर तो ‘मी’ म्हणजे समोर बसलेला माणूस नसतो. प्रोग्राम अ‍ॅडमिनच्या प्रोफाइलमध्ये जाऊन बसतो. इन्स्टॉल यशस्वी झाल्याचा संदेश दिसतो, चिन्ह मात्र कोठेच सापडत नाही. असे घडले तर अ‍ॅडमिन खात्यात जाऊन तो प्रोग्राम काढावा आणि ‘सर्वांसाठी’ हा पर्याय निवडून पुन्हा बसवावा. प्रोग्राम सर्वांसाठी बसला तरी त्याची सेटिंग प्रत्येकाची वेगळी राहते, आणि आपल्याला हवे आहे ते हेच.

एका खात्यात राहून ब्राउझरमध्ये पाच प्रोफाइल केली तर भागणार नाही का, असे बरेच जण विचारतात. ब्राउझरची प्रोफाइल उपयोगाची आहेत. एकाच माणसाने कामाची आणि खासगी ओळख वेगळी ठेवावी, यासाठी तर ती उत्तम आहेत. पण दोन माणसांमध्ये ती भिंत होऊ शकत नाहीत. क्रोमची सर्व प्रोफाइल त्या विंडोज खात्याच्या ‘अ‍ॅपडेटा’मध्ये शेजारी-शेजारी फोल्डरांत असतात, आणि एका प्रोफाइलमधून दुसऱ्यात जायला कोपऱ्यातील चित्रावर एक क्लिक पुरतो. साठवलेले पासवर्ड सांकेतिक रूपात असतात हे खरे, पण ते कुलूप मुळात विंडोजच्या साइन-इनशी बांधलेले असते, म्हणजे एकाच खात्यात बसलेल्या पाचही जणांकडे त्याची किल्ली असते. माणसे वेगळी असतील तर खाती वेगळी हवीत, यात तडजोड करू नये असे मी आग्रहाने सांगेन.

ते कुलूप उलट्या बाजूनेही कसे लागते, हे अ‍ॅडमिनची जबाबदारी घेणाऱ्याने नीट समजून घ्यावे. स्थानिक खात्याचा पासवर्ड त्या माणसाने स्वतः, जुना पासवर्ड देऊन बदलला तर साठवलेली गुपिते नव्या पासवर्डशी पुन्हा बांधली जातात. अ‍ॅडमिनने बाहेरून पासवर्ड ‘रीसेट’ केला तर तसे होत नाही. साठवलेले पासवर्ड, प्रमाणपत्रे आणि ईएफएस (विंडोजची फाइली सांकेतिक करण्याची अंगभूत सोय) पद्धतीने सांकेतिक केलेल्या फाइली त्या माणसाला उघडेनाशा होतात. विंडोज तसा इशारा देते, पण पासवर्ड विसरलेला माणूस घाईत समोर उभा असताना तो कोणी वाचत नाही. एकदा मीही तो न वाचता पुढे गेलो होतो. एका सहकाऱ्याच्या अनेक महिन्यांच्या सांकेतिक फाइली त्यामुळे बंद झाल्या, आणि शेवटी त्याला जुना पासवर्ड आठवला म्हणूनच त्या वाचल्या. तेव्हापासून रीसेट करण्यापूर्वी मी ईएफएसच्या फाइली आहेत का हे विचारतो आणि जुना पासवर्ड आठवायला माणसाला एक दिवस देतो.

नव्या खात्यांना ठरावीक सुरुवात देण्याचा प्रश्न आता घेतो. ‘युजर्स’ फोल्डरमध्ये ‘डीफॉल्ट’ नावाचा लपवलेला फोल्डर असतो. प्रत्येक नवे प्रोफाइल ही त्याची नक्कल असते. लिनक्समध्ये हेच काम ‘ईटीसी’खालील ‘स्केल’ हा फोल्डर करतो. खाते काढताना होम फोल्डर तयार झाला की स्केलमधील सर्व काही त्यात उतरते. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे: ही नक्कल फक्त जन्माच्या वेळी होते. नंतर साच्यात कितीही सुधारणा केल्या तरी आधी तयार झालेल्या घरांना त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून साचा आधी तयार करावा आणि मग खाती काढावीत.

विंडोजमध्ये एखाद्याचे नीट लावलेले प्रोफाइल उचलून ‘डीफॉल्ट’मध्ये चिकटवण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिसतो. तो घेऊ नये. त्या रजिस्ट्री फाइलीत जुन्या माणसाच्या फोल्डरचे मार्ग आणि हक्क गुंतलेले असतात. वरवर सगळे ठीक दिसते आणि पुढे कधीतरी नव्या माणसाचा प्रोग्राम जुन्याच्या फोल्डरमध्ये लिहू पाहतो. मायक्रोसॉफ्टने मान्य केलेला मार्ग ‘सिसप्रेप’ या साधनातील ‘कॉपीप्रोफाइल’ हा आहे, पण पाच खात्यांसाठी तो खटाटोप मी करणार नाही. त्यापेक्षा कंट्रोल पॅनेलमधील ‘रीजन’ या खिडकीत ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह’ नावाचा भाग आहे. आपल्या खात्यात भाषा, टंकनाची मांडणी आणि तारखेचे स्वरूप हवे तसे लावून तेथील ‘सेटिंग कॉपी करा’ या बटणाने ती साइन-इनच्या पडद्याला आणि पुढे निघणाऱ्या सर्व खात्यांना देता येते. देवनागरी टंकन लागणाऱ्या ठिकाणी या एका बटणाने निम्मे काम होते. सर्वांच्या डेस्कटॉपवर दिसायला हवीत ती चिन्हे ‘पब्लिक’खालील ‘डेस्कटॉप’ फोल्डरमध्ये टाकावीत. ती प्रत्येकाच्या पडद्यावर येतात आणि साध्या खात्यातून पुसली जात नाहीत. कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडावी, ही निवड मात्र प्रत्येकाला आपल्या खात्यात स्वतः करावी लागेल. त्या नोंदीवर विंडोज एक पडताळणीचा ठसा ठेवते आणि रजिस्ट्रीतून परस्पर घुसवलेला बदल झिडकारते.

आधीच असलेल्या खात्यांवर एखादी सेटिंग आणायची असेल तर साचा निरुपयोगी असतो आणि धोरण उपयोगी पडते. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी आहे. लिनक्सवर ग्नोम डेस्कटॉप असेल तर डीकॉन्फ (त्या डेस्कटॉपच्या सेटिंगचा कोश) आहे, आणि त्याची रचना मला फार आवडते, कारण ‘सुरुवातीची किंमत’ आणि ‘बदलू न देणे’ या दोन गोष्टी ती स्वच्छ वेगळ्या ठेवते. संगणकाच्या पातळीवरील डीकॉन्फ कोशात एखादी किंमत लिहिली तर ज्याने ती सेटिंग स्वतः कधी बदलली नाही त्याला ती लागू होते, आणि ज्याने बदलली त्याची निवड अबाधित राहते. त्याच सेटिंगचे नाव ‘लॉक्स’ फोल्डरमध्ये लिहिले तरच ती सर्वांसाठी पक्की होते. लिहून झाल्यावर ‘डीकॉन्फ अपडेट’ ही आज्ञा द्यायला विसरू नये, अन्यथा काहीच बदलत नाही. माझे मत असे की कुलूप अगदी थोड्या गोष्टींना लावावे: पडदा आपोआप बंद होण्याची वेळ, अपडेट, सुरक्षेचे नियम. माणसाने आपला फॉन्ट मोठा केला किंवा रंग बदलला तर त्यात अ‍ॅडमिनने पडण्याचे कारण नाही. प्रत्येकाची नजर वेगळी, हात वेगळे, आणि त्यासाठीच तर ही स्वतंत्र प्रोफाइल असतात.

सामाईक फाइलींसाठी ‘पब्लिक’ फोल्डर चालतो, तरी मी सहसा वेगळा फोल्डर काढतो आणि त्यावर एका गटाला लिहिण्याचा हक्क देतो, म्हणजे उद्या सहावा माणूस आला तर त्याला गटात घातले की झाले. तेथे फाइली ठेवताना एक सवय लावावी. एकाच एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल-रचना) ड्राइव्हवर फाइल ‘कट’ करून हलवली तर तिचे जुने हक्क साधारणपणे तिच्यासोबत जातात. ‘कॉपी’ केली तर ती नव्या फोल्डरचे हक्क घेते. म्हणून आपल्या डॉक्युमेंट्समधून हलवलेली फाइल सामाईक फोल्डरमध्ये दिसते खरी, पण दुसऱ्याने उघडायला गेल्यास परवानगी नाकारली जाते. तेथे नक्कल ठेवावी आणि मग मूळ फाइल काढावी. अ‍ॅडमिन खात्यातून दुसऱ्याच्या प्रोफाइल फोल्डरवर क्लिक केल्यावर विंडोज ‘कायमची परवानगी घेण्यासाठी पुढे जा’ असे विचारते. त्यातील ‘कायमची’ हा शब्द खरा आहे: त्या फोल्डरच्या हक्कांत आपली नोंद कायम राहते. केवळ काय आहे ते पाहायचे म्हणून ते बटण दाबू नये.

लिनक्सवर याच गरजेला तीन गोष्टी लागतात. सामाईक गट, त्या गटाच्या मालकीचा फोल्डर, आणि फोल्डरवर सेटजीआयडी बिट, ज्यामुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल आपोआप गटाची होते. तरीही युमास्क (नव्या फाइलीतून कोणते हक्क वगळायचे ते सांगणारा आकडा) ०२२ असेल तर गटाला फाइल वाचता येते, लिहिता येत नाही. तो ००२ करावा किंवा फोल्डरवर डीफॉल्ट एसीएल (कोणाला कोणता हक्क याची यादी) लावावा. एकेका माणसाच्या युमास्कवर विसंबावे लागत नाही म्हणून मी दुसरा मार्ग घेतो. खासगीपणाबद्दल एक नोंद: उबुंटूच्या २१.०४ या आवृत्तीपासून नवे होम फोल्डर ७५० हक्कांनी (मालक आणि गट सोडून इतरांना बंद) तयार होतात, त्याआधी ७५५ असत, म्हणजे त्या संगणकावरील कोणालाही दुसऱ्याच्या घरात डोकावता येत असे. जुना संगणक अपग्रेड करत आणला असेल तर आधीचे फोल्डर तसेच उघडे असतील, ते हाताने तपासावेत.

आता ‘तात्पुरते प्रोफाइल’. विंडोजला त्या एसआयडीचे घर उघडता आले नाही की ती माणसाला एका तंबूत उतरवते. साइन-आउट होताच तो तंबू मोडला जातो आणि त्यात ठेवलेल्या फाइलीही जातात. म्हणून हा संदेश दिसताच तेथे काहीही काम करू नये. साइन-आउट करून संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. अँटीव्हायरसने किंवा बॅकअपच्या प्रोग्रामने त्या क्षणी रजिस्ट्रीची फाइल धरून ठेवली होती, एवढेच कारण असेल तर अडचण तेथेच संपते. न संपल्यास अ‍ॅडमिन खात्यातून इव्हेंट व्ह्यूअरमधील अ‍ॅप्लिकेशन लॉग पाहावा; १५११ आणि १५१५ या क्रमांकांच्या नोंदी तेथे सापडतात. मग रजिस्ट्री एडिटरमध्ये संगणकाच्या शाखेखाली, विंडोज एनटीच्या करंट व्हर्जनमध्ये ‘प्रोफाइललिस्ट’ उघडावी. तेथे प्रत्येक एसआयडीची एक किल्ली (‘की’, म्हणजे रजिस्ट्रीतील फोल्डरसारखी नोंद) असते आणि तिच्यात प्रोफाइल फोल्डरचा मार्ग लिहिलेला असतो. बिघडलेल्या खात्याच्या दोन किल्ल्या दिसतात, एक साधी आणि एक शेवटी ‘डॉट बॅक’ लावलेली. साध्या किल्लीतील मार्ग तात्पुरत्या फोल्डरकडे जातो, ‘बॅक’वालीतील मार्ग खऱ्या घराकडे. आधी ही शाखा निर्यात करून सुरक्षित ठेवावी. मग साध्या किल्लीला दुसरे कोणते तरी नाव द्यावे, ‘बॅक’वालीच्या नावातून ते शेपूट काढावे, तिच्यातील ‘स्टेट’ आणि असल्यास ‘रेफकाउंट’ या किमती शून्य कराव्यात आणि संगणक पुन्हा सुरू करावा. फोल्डर शाबूत असेल तर माणूस आपल्या घरी परततो. ‘एनटीयूजर डॉट डॅट’च खराब झाली असेल तर तिच्याशी झुंजत बसू नये, नवे खाते काढून डॉक्युमेंट्स, चित्रे, बुकमार्क अशा ओळखीच्या फाइली न्याव्यात, आणि ती रजिस्ट्री फाइल व ‘अ‍ॅपडेटा’ सरसकट उचलून नेऊ नयेत. अशा बिघाडानंतर डिस्कची तपासणी अवश्य करावी.

आपण ते खाते चाचणीसाठी तयार केले होते, त्यामुळे माझा पहिला संशय असा की त्याचा फोल्डर कोणीतरी एक्सप्लोररमधून हाताने पुसला. तसे केले की प्रोफाइललिस्टमधील नोंद मागे राहते आणि पुढच्या साइन-इनला घर सापडत नाही. तसे असेल तर परत आणण्यासारखे काही नाही. अनाथ झालेली किल्ली काढून टाकली की पुढच्या साइन-इनला नवे प्रोफाइल तयार होईल. प्रोफाइल काढून टाकण्याची योग्य जागा सिस्टिम प्रॉपर्टीजमधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागातील ‘युजर प्रोफाइल्स’ ही यादी आहे. ती फोल्डर आणि नोंद दोन्ही एकत्र काढते. तो माणूस तेव्हा साइन-इन नसावा. केवळ ‘युजर बदला’ करून तो बाजूला झाला असेल तर त्याची रजिस्ट्री जोडलेली असते, त्याच्या फाइली उघड्या असतात आणि यादीतील बटण मंद दिसते. सामाईक फोल्डरमधील दस्तऐवज ‘दुसऱ्याने उघडलेला आहे’ असे सांगत असेल तर कारण बहुधा हेच असते. म्हणून आळीपाळीने वापरताना उठणाऱ्याने साइन-आउट करावे, असा नियम पाचही जणांनी पाळावा.

लिनक्सवर खाते काढून टाकणे याहून नाजूक आहे. ‘युजरडेल’ ही आज्ञा सांगितल्याशिवाय होम फोल्डर काढत नाही, आणि सांगितले तरी मेलची पेटी सोडून होमबाहेरील इतर फाइलींना हात लावत नाही. लिनक्स फाइलीवर मालकाचे नाव लिहीत नाही, क्रमांक लिहिते. माणसांचे क्रमांक बहुधा १००० पासून सुरू होतात आणि नव्या खात्याला सामान्यतः सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढचा मिळतो. समजा १००४ क्रमांकाचा माणूस गेला, त्याचे खाते काढून टाकले आणि पुढच्या आठवड्यात नव्याला खाते दिले. नव्यालाही १००४ मिळतो, आणि सामाईक फोल्डरमध्ये किंवा बॅकअपमध्ये राहिलेल्या जुन्या माणसाच्या सर्व खासगी फाइलींचा तो न मागता मालक होतो. कोणताही इशारा येत नाही. हे टाळण्यासाठी खाते आधी केवळ बंद करावे, त्या क्रमांकाच्या फाइली ‘फाइंड’ या आज्ञेने संपूर्ण डिस्कवर शोधून त्यांची विल्हेवाट लावावी, त्याची क्रॉनमधील, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणारी, कामे पाहावीत, आणि मगच खाते काढून टाकावे. नव्याला क्रमांक देताना तो स्वतः ठरवून द्यावा.

प्रोफाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर फिरते ठेवण्याचा विचार आपण सध्या करू नये. विंडोजचे रोमिंग प्रोफाइल सर्व्हर असलेल्या मोठ्या जाळ्यांसाठी आहे, आणि तेथेही आवृत्त्यांचे भांडण असतेच. म्हणूनच त्या फोल्डरांना विंडोज ७ साठी ‘व्ही२’ आणि विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून ‘व्ही६’ अशी शेपटे लागतात. जुन्या आणि नव्या आवृत्तीने एकच सेटिंग फोल्डर वापरणे कोठेही धोक्याचेच. नव्या फायरफॉक्सने उघडलेले प्रोफाइल जुना फायरफॉक्स उघडायला नकार देतो, ही दक्षता ६७ व्या आवृत्तीपासून आली आणि ती योग्यच आहे.

आपल्या संगणकावर प्रत्यक्ष बदल करताना क्रम असा ठेवावा. प्रथम संपूर्ण ‘युजर्स’ फोल्डरची बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. नंतर नवे अ‍ॅडमिन खाते काढून त्यातून सर्व प्रोग्राम आणि फॉन्ट सर्वांसाठी बसले आहेत का ते तपासावे, भाषेची सेटिंग लावून ती नव्या खात्यांना देण्याचे बटण दाबावे, आणि मगच पाच साधी खाती काढावीत. प्रत्येकाने एकदा आपल्या खात्यात साइन-इन करावे, ब्राउझरमध्ये आपल्या ओळखीने शिरावे, आणि जुन्या सामाईक खात्यातील ब्राउझरमधून आपली ओळख बाहेर काढून आपले साठवलेले पासवर्ड तेथून पुसावेत. हे शेवटचे काम बहुतेक जण विसरतात. डेस्कटॉपवरील फाइलींची वाटणी पाचही जणांनी एकत्र बसून करावी, कारण कोणती फाइल कोणाची हे अ‍ॅडमिनला ठरवता येत नाही. जुने सामाईक खाते लगेच काढू नये. त्याचा अ‍ॅडमिन हक्क काढून ते साधे करावे आणि एक महिना तसेच ठेवावे, कारण एखादा परवान्याचा क्रमांक, एखादा अर्धवट मसुदा किंवा एखाद्या प्रोग्रामची नोंदवही तेथेच राहिल्याचे तिसऱ्या आठवड्यात लक्षात येते. महिन्यात कोणालाही तेथे जावे लागले नाही तर ‘युजर प्रोफाइल्स’च्या यादीतून त्याचे प्रोफाइल आणि नंतर ते खाते काढून टाकावे.